घोड्यांच्या वाटेने परदेशी

बडोद्यात सयाजीबागेजवळच्या चौकाला लोक ‘काळा घोडा’ म्हणतात. चौकात तिसऱ्या सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे; तरी रिक्षात बसताना कोणी महाराजांचे नाव सांगत नाही, घोड्याचे सांगते. याच शहरात परदेशी शिक्षणाचा आणि व्हिसाचा सल्ला देणाऱ्या कचेऱ्या जागोजागी आहेत. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांपासून नव्या सोसायट्यांपर्यंत कुठेही विचारा, घरातले एखादे मूल कॅनडात, इंग्लंडात किंवा ऑस्ट्रेलियात असणे ही आता नवलाची गोष्ट उरलेली नाही. घोडा या शहराच्या स्मृतीत आहे आणि परदेश त्याच्या रोजच्या बोलण्यात आहे, पण या दोहोंचा एकत्र विचार करायची आपल्याला सवय नाही. ज्या मुलाला किंवा मुलीला घोड्यांचे वेड आहे, त्यांना आपण सांगतो की हा छंद सुट्टीपुरता ठेवा. आणि बाहेर जायचेच असेल तर संगणक, औषधनिर्माण, हॉटेल व्यवस्थापन यांपैकी काहीतरी धरा. प्रस्तुत पुस्तक या सल्ल्याला उत्तर देते. घोड्यांची आवड, प्रवासाची ओढ आणि परदेशातली नोकरी यांचा मेळ घालता येतो, हे त्यातली प्रकरणे सविस्तर दाखवतात. त्यांच्या आधी मला एक मुद्दा मांडायचा आहे. हा मेळ पैशाने टिकत नाही, हातातल्या कसबाने टिकतो. आणि आपल्याकडे घोड्यावर बसणारा आणि घोड्याचे करणारा यांच्यात जी भिंत आहे ती ओलांडल्याशिवाय ते कसब पुरते हाती येत नाही. बडोद्याचा स्वतःचा इतिहास याची दोन्ही अंगे पुरवतो, म्हणून सुरुवात तिथूनच करणे योग्य.

सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव १९३९ साली गादीवर आले. घोड्यांच्या शर्यतींचे त्यांना जे प्रेम होते ते काही वर्षांतच मुंबईच्या महालक्ष्मीपुरते राहिले नाही. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली तेव्हा ती त्यांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. तिच्यावर स्वार होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. १९४५ साली इंग्लंडमध्ये त्यांनी एक शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. एका वर्षाच्या शिंगराला तोवर इतकी किंमत कधीच मिळाली नव्हती. त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकलेल्या ‘दान्ते’चा तो सख्खा भाऊ. महाराजांनी त्याला आजोबांचे नाव दिले, ‘सयाजीराव’, आणि १९४७ साली त्या घोड्याने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर या दोन्ही शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षी त्यांच्याच ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली. न्यूमार्केटमधले वॉरन प्लेस हे मोठे तबेल्यांचे आवार महाराजांनी घेतले, तिथे सॅम आर्मस्ट्राँग या नामांकित प्रशिक्षकाला बसवले, आणि आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात घोड्यांची पैदास सुरू केली. तिथला बरोडा स्टड आजही त्याच नावाने चालतो. या भागाला हे अगदी नवीनही नव्हते. बडोद्याच्या शेजारचे राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांचा ‘विंडसर लॅड’ १९३४ साली एप्सम डर्बी जिंकून बसला होता, आणि तो तर अवघ्या १३०० गिनींना घेतलेला होता. नर्मदा आणि विश्वामित्रीच्या काठच्या दोन संस्थानांनी चौदा वर्षांच्या आत इंग्लंडच्या सर्वांत मानाच्या शर्यतींवर आपली नावे कोरली, हे आपल्या शाळांत कुठे शिकवले जात नाही. ते शिकवले जावे असे मला मनापासून वाटते.

पण ही गोष्ट पुढे काय झाली तेही पाहिले पाहिजे. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांना पदच्युत केले आणि १९६८ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ‘माय बाबू’ पैदाशीसाठी अमेरिकेत गेला. ‘सयाजीराव’च्या वंशातून ‘ग्लॅडनेस’ आणि ‘इंडियाना’ यांच्यासारखे विजेते निघाले. पण त्यांचे मालक, प्रशिक्षक, मोतद्दार यांपैकी कोणाचाही बडोद्याशी संबंध नव्हता. वॉरन प्लेसमध्ये पुढे नोएल मर्लेस आले, त्यांच्यानंतर हेन्री सेसिल, आणि चौदाच्या चौदा शर्यती जिंकणारा ‘फ्रँकेल’ याच आवारात तयार झाला. म्हणजे बडोद्याच्या पैशाने उभे राहिलेले वैभव तिथेच फुलत राहिले आणि बडोद्याच्या वाट्याला आठवणी आल्या. याचा दोष एका माणसावर टाकणे अपुरे ठरेल. विकत घेतलेला घोडा विकला जातो, पगारावर ठेवलेला प्रशिक्षक दुसऱ्याचा पगार घेतो. हा व्यवहाराचा स्वभावच आहे. त्या सगळ्या कथेत खऱ्या अर्थाने घोड्याच्या वाटेने जग पाहिले ते एडगर ब्रिटने. सिडनीकडचा हा मुलगा घोड्यावर बसण्याच्या कसबावर आधी हिंदुस्थानात आला, इथल्या राजेरजवाड्यांसाठी जिंकला, मग महाराजांच्या पाठोपाठ इंग्लंडला गेला आणि सेंट लेजरमध्ये ‘सयाजीराव’वर तोच स्वार होता. संस्थान गेले तरी त्याचे काम गेले नाही, कारण त्याची मालमत्ता त्याच्या हातात आणि मांडीत होती.

बडोद्याच्याच दुसऱ्या एका परंपरेशी हे ताडून पाहावे. तिसऱ्या सयाजीरावांनी परदेशाकडे पाहिले ते शिकण्याची जागा म्हणून. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत येऊन संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याच्या करारावर. अमेरिकेतली वाचनालये पाहून आल्यावर महाराजांनी तिथल्या जाणकाराला बोलावून राज्यभर वाचनालयांचे जाळे उभारले. कलाभवन तर १८९० सालीच निघाले होते. परदेशी माणूस पाठवावा, त्याने विद्या घेऊन यावे, आणि ती विद्या घोडा किंवा हिरा यांसारखी कोणाला काढून घेता येऊ नये, ही त्या धोरणामागची समज होती. घोड्यांच्या बाबतीत बडोद्याने हीच समज वापरली असती तर आज या शहरात नालबंदांची, प्रशिक्षकांची, पैदाशीतल्या तज्ज्ञांची तिसरी पिढी काम करत असती, असे मानायला जागा आहे. ते काम आता एकेकट्या तरुणाला स्वतःच्या जोरावर करायचे आहे.

घोडा बाहेर नेता येत नाही, कसब नेता येते, याचा आणखी जुना आणि कठोर पुरावा आपल्या लष्करी इतिहासात आहे. मराठ्यांच्या फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर लढे आणि शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. इंग्रजांनी ही शिलेदारी पद्धत आपल्या हिंदी घोडदळात उचलली. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्यांच्या बहुतेक रिसाल्यांत स्वार घोड्याचा आणि सरंजामाचा खर्च स्वतः सोसत आणि त्या बदल्यात जास्त पगार घेत. १९१४ साली हे रिसाले फ्रान्सला गेले आणि पद्धत कोलमडली. समुद्रापार मेलेल्या घोड्याच्या जागी दुसरा घोडा स्वाराने कुठून आणायचा? सरकारलाच घोडे पुरवावे लागले आणि युद्धानंतर शिलेदारी मोडीत निघाली. स्वार मात्र परक्या घोड्यांवर, परक्या चाऱ्यावर, परक्या चिखलात लढले. परदेशात घोड्यांचे काम करायला जाणारा प्रत्येक जण या अर्थाने बारगीर असतो. घोडा दुसऱ्याचा, दाणापाणी दुसऱ्याचे, आपले म्हणून जे काही असते ते आपल्या बैठकीत आणि नजरेत. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या दौडी ज्यांच्या बळावर झाल्या त्यांत बारगिरांचा वाटा शिलेदारांइतकाच होता.

ज्याला या वाटेचा मराठी पूर्वसूरी म्हणता येईल असा माणूस शोधायचा तर तो विष्णुपंत छत्रे यांच्या रूपाने सापडतो. सांगलीकडचे छत्रे ग्वाल्हेरला गेले. तिथे त्यांनी गाण्याची तालीम घेतली आणि घोडे शिकवण्याची विद्याही मिळवली. पुढे कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे ते घोड्यांचे काम पाहू लागले. किआरिनी यांची इटालियन सर्कस मुंबईत आली तेव्हा तिच्यातले घोड्यांचे खेळ पाहून त्यांनी ठरवले की हे आपणही करू शकतो, आणि १८८० साली भारतातली पहिली देशी सर्कस उभी राहिली. तिचा कणा घोडे होते. ती सर्कस सिंहलद्वीपाला गेली आणि थेट अमेरिकेपर्यंत जाण्याचे धाडसही छत्र्यांनी केले. तिथल्या अवाढव्य सर्कशींपुढे त्यांचा टिकाव लागला नाही, हेही नमूद करायला हवे. पण परत आल्यावर ते थांबले नाहीत. तलश्शेरीच्या कीलेरी कुन्हीकण्णन यांना त्यांनी कसरतपटू तयार करायला प्रवृत्त केले, आणि केरळच्या सर्कस परंपरेचा पाया तिथे पडला. एका ब्राह्मण तरुणाने एकोणिसाव्या शतकात चाबूकस्वाराचे काम पत्करावे, शिंगरू हाताळावे, लाथ खावी, घाम गाळावा, हे त्या काळच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांना धरून नव्हते. त्यांचे परदेशगमन शक्य झाले ते याच ओलांडण्यामुळे. ज्याने घोडा शिकवला त्यालाच घोड्याबरोबर जग फिरता आले.

आता वर्तमानाकडे वळतो, कारण खरी अडचण तिथे आहे. आपल्या तबेल्यांत आजही कामाची विभागणी ठरलेली असते. मोतद्दार खरारा करतो, लीद काढतो, चंदी घालतो, खोगीर कसतो आणि तयार घोडा आणून उभा करतो; स्वार येतो, बसतो, फिरवून आणतो, लगाम मोतद्दाराच्या हाती देऊन निघून जातो. रायडिंग क्लबमध्ये पाच वर्षे शिकलेल्या मुलीला सफाईने उडी मारता येते, पण खुराच्या तळव्यातली पुतळी सडू लागली आहे हे वासावरून ओळखता येत नाही. आणि मोतद्दाराच्या मुलाला घोड्याच्या पायातली ऊब हात फिरवताच कळते, पण त्याला पाठीवर बसून शिकण्याची संधी कोणी देत नाही. दोघांकडे अर्धी अर्धी विद्या आहे. न्यूमार्केटमध्ये सुमारे ३००० घोडे तयारीत असतात. तिथल्या आवारात, किंवा आयर्लंडमधल्या, जर्मनीतल्या तबेल्यात ही विभागणी चालत नाही. जो सकाळी उजाडण्याआधी तीन-चार घोड्यांच्या खोल्या साफ करतो, तोच त्यांच्यावर बसून सरावाला जातो, तोच परत येऊन पाय धुतो, सूज आहे का पाहतो, पाणी किती प्याला, चंदी उरली का याची नोंद मुख्य मोतद्दाराला देतो. फावडे आणि रिकीब एकाच माणसाच्या वाट्याला येतात. आपल्याकडून गेलेले अनेक तरुण आज ब्रिटन आणि आयर्लंडच्या रेसच्या तबेल्यांत रोजच्या सरावाचे स्वार म्हणून काम करतात. जे टिकले आहेत ते हे दुहेरी काम अंगवळणी पाडल्यामुळे टिकले आहेत.

इथून नेलेले सगळेच तिथे उपयोगी पडते असे मात्र नाही. आपण घोडा अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढचे-मागचे पाय दोराने जखडून बांधतो. तिकडे तो खोलीत मोकळा असतो, आणि मोकळ्या घोड्याच्या खोलीत शिरण्याची रीत वेगळी शिकावी लागते. आपल्या चंदीत हरभरा असतो. तिकडे ओट, तयार गोळ्यांचा खुराक आणि ओलसर ठेवलेले गवत असते. पण ज्याच्या बळावर हे बदल पचतात ते मूळ ज्ञान सगळीकडे एकच आहे. घोड्याला जवळजवळ भोवतालचे सगळे दिसते, फक्त थेट मागचे आणि कपाळासमोरचे दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे नेहमी खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे. त्याला ओकता येत नाही, म्हणून पोटशूळ त्याच्या जिवावर उठतो आणि अंग टाकण्याची, कुशीकडे वळून पाहण्याची पहिली खूण ज्याला कळते तो माणूस घोड्याचा जीव वाचवतो. नाल चार ते सहा आठवड्यांनी बदलायचे हे बडोद्यातही खरे आणि केंटकीतही. जगातल्या किती व्यवसायांबद्दल असे म्हणता येईल की सीमा ओलांडताना त्यांचा गाभा इतका कमी बदलतो? वकिलाला परदेशी पुन्हा परीक्षा द्यावी लागते, डॉक्टरला द्यावी लागते. चांगल्या मोतद्दाराची परीक्षा पहिल्याच सकाळी, पहिल्याच खोलीत होते आणि घोडाच ती घेतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. घोडा आणि प्रवास ही दोन प्रेमेच एकमेकांच्या विरुद्ध आहेत, असे काही जाणकार सांगतात. घोड्याला दिवसाला तीन-चार वेळा खायला लागते, सणवार कळत नाहीत, रविवार कळत नाही. ज्याच्यावर घोड्याची जबाबदारी आहे तो एका जागी बांधलेला असतो. मग प्रवास कधी करणार? आक्षेप खरा आहे, पण एका खोलीपुरता. पूर्ण व्यवसायाकडे पाहिले तर त्याला स्वतःचे ऋतू आहेत आणि ते पृथ्वीच्या दोन गोलार्धांत उलटसुलट पडतात. रेसच्या घोड्यांचा वाढदिवस उत्तर गोलार्धात १ जानेवारीला धरतात, दक्षिणेत १ ऑगस्टला. त्यामुळे आयर्लंड, इंग्लंड, केंटकी इथल्या स्टड फार्मवर घोड्या वर्षाच्या सुरुवातीपासून उन्हाळ्यापर्यंत वितात, आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत. घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे. प्रसूती बहुधा रात्रीच होते, म्हणून प्रत्येक स्टडला हंगामात रात्रपाळीचे हात कमी पडतात. परिणामी असा एक कामगारवर्ग तयार झाला आहे जो अर्धे वर्ष किल्डेअरमध्ये आणि अर्धे वर्ष न्यू साउथ वेल्सच्या हंटर खोऱ्यात घोड्यांची बाळंतपणे करतो. काही नर घोडेही असेच दोन गोलार्धांत ये-जा करतात. इथे प्रवास कामातून पळवाट म्हणून येत नाही, कामच प्रवास करायला लावते. आयरिश नॅशनल स्टडचा पैदाशीचा अभ्यासक्रम याच हंगामाला धरून बेतलेला आहे, आणि गोडॉल्फिनचा ‘फ्लाइंग स्टार्ट’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तर निवडलेल्या तरुणांना आयर्लंड, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि दुबई असे फिरवूनच शिकवतो.

दुसरा आक्षेप जुनाच: घोडा हे श्रीमंतांचे खेळणे आहे. नंदुरबार जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेजवळ, तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा घोडेबाजार ज्यांनी पाहिला आहे, किंवा नांदेडजवळच्या माळेगावची खंडोबाची यात्रा, त्यांना हे म्हणता येणार नाही. तिथे घोडा घेणारा-विकणारा शेतकरी असतो, वरातीची घोडी पाळणारा असतो, टांगेवाल्यांच्या घरचा असतो. माथेरानमध्ये कित्येक कुटुंबांचे पोट घोड्यावर आहे. सौराष्ट्राचा काठियावाडी घोडा, ज्याच्या कानांची टोके आत वळून जवळजवळ एकमेकांना भिडतात, तो दरबारांइतकाच मालधाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या अंगणात जगला. भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांना अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. हे तट्टू शतकभर सांभाळले ते धनगरांनी, आपले बिऱ्हाड त्यांच्या पाठीवर लादून मैलोन्‌मैल चालत. घोड्यांचे ज्ञान गरिबांकडे आहे. श्रीमंतांकडे मालकी आहे. परदेशातला बाजार ज्ञानाला पगार देतो, आणि म्हणून ही वाट उलट धनगराच्या किंवा मोतद्दाराच्या मुलाला अधिक मोकळी असायला हवी. ती अजून तितकी मोकळी नाही, कारण त्याला कोणी भाषा, कागदपत्रे आणि खोगिरावरची बैठक शिकवत नाही.

क्रीडाघोडेस्वारीत पैशाची गरज मोठी आहे हे मी नाकारत नाही. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला यांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण मिळवले. घोडेस्वारीत भारताला १९८२ नंतर प्रथमच सुवर्ण मिळत होते. कोलकाता, मुंबई, जयपूर, इंदूर इथली ही मुले युरोपात राहून, युरोपातल्या घोड्यांवर तयार झाली. अनुष तर किशोरवयातच जर्मनीला गेला आणि ह्युबर्टस श्मिट यांच्या तबेल्यात शिकला. फवाद मिर्झाचेही तेच: २०१८च्या आशियाई स्पर्धेतली दोन रौप्ये आणि त्यानंतरचे टोकियो ऑलिंपिक यांची तयारी जर्मनीत झाली. घरच्यांचे पाठबळ नसते तर हे अवघड होते. पण या उदाहरणांतून आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या खेळाडूंना बाहेर जावे लागते त्याचे एक मोठे कारण घोड्यांच्या रोगनियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय अटी हे आहे. भारतातून घोडा परदेशी स्पर्धेला नेणे वर्षानुवर्षे जवळजवळ अशक्य होते. २०२५ साली मेरठ छावणीतल्या लष्कराच्या अश्वकेंद्राला रोगमुक्त विभाग म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, तेव्हा हे दार थोडे उघडले. ते पुरते उघडायचे तर विलगीकरण, रक्ततपासणी, हवाई वाहतुकीतली निगा जाणणारी माणसे लागतील, आणि तशी माणसे परदेशातल्या तबेल्यांत काम करूनच तयार होतात. बाहेर गेलेल्या हातांचा देशाला उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

धोक्यांबद्दल गुळमुळीत बोलणे अन्यायाचे होईल. घोडा साधारण पाचशे किलोचा असतो आणि घाबरला की विचार न करता पळतो. हाडे मोडतात, डोक्याला मार बसतो, कधी त्याहून वाईट घडते. म्हणून अपघात विम्याची आणि उपचाराच्या खर्चाची तरतूद करारात लेखी नसेल तर नोकरी कितीही सुंदर दिसो, ती घेऊ नये. सरावाच्या स्वाराला वजन साठ-पासष्ट किलोच्या आत ठेवावे लागते, त्यासाठी उपाशी राहण्याची सवय लागली तर शरीर पोखरते. राहण्याची जागा बहुधा मालकाचीच असते, त्यामुळे नोकरी सुटली की छप्परही सुटते. आखाती देशांतल्या तबेल्यांत जाणाऱ्यांनी पासपोर्ट मालकाच्या हाती देऊ नये. ज्यांचे शिक्षण दहावीपेक्षा कमी आहे त्यांना तिथे जाण्याआधी भारत सरकारची परवानगी लागते, आणि एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे की नाही हे सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. पदवीधर तरुणांसाठी ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना आहे, तिशीपर्यंतच्या भारतीयांना दोन वर्षांसाठी, वर्षाला ३००० जागा, सोडतीने. ऑस्ट्रेलियानेही २०२४ पासून भारतीय तरुणांना वर्षभर काम आणि भटकंती यांचा व्हिसा सोडतीने देणे सुरू केले, वर्षाला १००० जागा. हे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी ते त्या त्या सरकारच्या कागदावर वाचावेत, दलालाच्या तोंडून ऐकू नयेत.

आणि शर्यतींच्या नीतीचा प्रश्न उरतोच. जुगार, चाबूक, दोन वर्षांच्या कोवळ्या हाडांवर पडणारा ताण, निवृत्त घोड्यांचे पुढे काय होते ही चिंता: यांतली एकही गोष्ट खोटी नाही. ज्याला हे सहन होत नाही त्याने रेसच्या तबेल्यात जाऊ नये, असे मी सरळ सांगेन. घोड्यांचे जग त्याच्याबाहेर मोठे आहे. पैदास आहे, उपचारासाठी घोडेस्वारी शिकवणारी केंद्रे आहेत, डोंगरवाटांवर पर्यटकांना नेणारी पथके आहेत, पशुवैद्यकाची मदतनिशी आहे, निवृत्त रेसच्या घोड्यांना नवे काम शिकवणाऱ्या संस्था आहेत. जो रेसमध्ये राहतो त्याच्याबद्दलही एक गोष्ट विसरू नये. मालक घोडा शर्यतीच्या दिवशी पाहतो, पंच अडीच मिनिटे पाहतो, मोतद्दार रोज पाहतो. घोडा लंगडतो आहे, दुखणे लपवतो आहे, मनाने खचला आहे हे आधी त्यालाच कळते. त्याचा शब्द तबेल्यात किती ऐकला जातो यावर घोड्याचे भले अवलंबून असते, आणि शिकलेल्या, करार वाचू शकणाऱ्या, दोन देशांचे तबेले पाहिलेल्या मोतद्दाराचा शब्द टाळणे अवघड जाते.

बडोद्यातल्या तरुणाला यासाठी लगेच विमान पकडायची गरज नाही. चाळीस किलोमीटरवर आणंदला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. हिवाळ्यात सारंगखेड्याचा बाजार दिवसभराच्या अंतरावर भरतो. पुण्या-मुंबईला रेसचे तबेले आहेत, आणि महालक्ष्मीला १९४२ पासून चालत आलेला अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. शहरातल्या वरातीच्या घोड्या पाळणाऱ्यांकडे सहा महिने पहाटे जाऊन खरारा करायला, खूर उचलायला, दाणा भिजवायला कोणी फी मागत नाही. नालबंदीचे काम शिकवणारी संस्था गुजरातेत निघाली तर तिला विद्यार्थी आणि नोकऱ्या दोन्ही मिळतील, कारण चांगल्या नालबंदाची टंचाई इथे आहे तशी युरोपातही आहे. पुस्तकाचे पहिले प्रकरण खुरांविषयी आहे आणि व्हिसाविषयीचे अगदी शेवटी. हा क्रम लेखकांनी विचारपूर्वक ठेवला आहे. वाचकांनीही तो तसाच पाळावा आणि पहिले प्रकरण तबेल्यात, घोड्याचा पाय हातात घेऊन वाचावे.